सफरचंदाचे फ्रिटर्स तळणीशिवाय: ओव्हनमध्ये खरपूस भाजण्याची सविस्तर पद्धत

सफरचंदाचे फ्रिटर्स, म्हणजे पिठात सफरचंद घालून तळलेली गोड भजी, ओव्हनमध्ये करायचे ठरले की बहुतेक जण तळणीचीच कृती हाताशी घेतात आणि फक्त शेवटची पायरी बदलतात. कढईच्या जागी ट्रे येतो, बाकी सगळं तेच राहतं. मग ओव्हनमधून निघतात त्या चपट्या, फिकट, आतून ओलसर चकत्या. खायला अगदीच वाईट नाहीत, पण त्यांना फ्रिटर म्हणवत नाही. दोष ओव्हनचा नसतो. तळताना तेल जी कामं परस्पर उरकत असतं ती दुसऱ्या कुणाकडे सोपवलेलीच नसतात. ती नीट सोपवली, तर बाहेरून खडबडीत आणि खरपूस, आतून मऊ आणि ठिकठिकाणी आंबटगोड फोड लागणारा फ्रिटर ओव्हनमध्ये उत्तम होतो.

तेल नेमकं काय करत असतं

तळणीचं तेल साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअसला असतं. ते पिठाला सगळीकडून चिकटून असल्यामुळे उष्णता फार वेगाने आत शिरते आणि काही सेकंदांत वरचं कवच धरतं. सैल पीठसुद्धा तेलात आकार टिकवतं ते यामुळेच. ओव्हनमधली हवा त्याहून जास्त तापलेली असली तरी उष्णता पोचवायला मंद असते. कवच धरायला काही मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात सैल पीठ ट्रेवर पसरून मोकळं होतं. म्हणून भाजायचं पीठ तळणीच्या पिठापेक्षा बरंच घट्ट हवं.

दुसरं काम स्निग्धतेचं. तळलेला पदार्थ तेल पितो आणि त्याच्या खमंगपणाचा मोठा भाग तिथून येतो. ओव्हनमध्ये ही स्निग्धता आधीच पिठात घालावी लागते, शिवाय थोडी वरून लावावी लागते. सरळ सांगायचं तर पिठाला मोहन हवं. ‘अजिबात तूप-तेल नसलेला फ्रिटर’ असं काही करायला जाल तर हातात सफरचंदाचा पाव येईल.

तिसरं काम पाण्याचं. तेलात टाकल्यावर जे बुडबुडे उठतात ती पिठातून निघणारी वाफ असते. पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय तो तपकिरी होत नाही, कारण पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खरपूसपणा आणणाऱ्या क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरतात. तेल हे पाणी झटपट हाकलतं. ओव्हनला वेळ लागतो. त्यात सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणीच असतं आणि ते भाजताना पिठात उतरत राहतं. ओव्हनमधले फ्रिटर्स गिच्च होतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी सर्वांत जास्त जागा सफरचंदालाच दिली आहे.

कोणता फ्रिटर भाजता येतो, कोणता नाही

फ्रिटर या नावाखाली तीन वेगळे प्रकार येतात. पहिल्यात सफरचंदाच्या गोल चकत्या पातळ पिठात बुडवून तळतात. हा प्रकार फार जुना आहे. इंग्लंडच्या राजदरबारी स्वयंपाक्यांनी १३९० च्या सुमारास नोंदवलेल्या पाककृतींमध्येही सफरचंदाचे असे फ्रिटर्स आहेत. हा भाजायच्या फंदात पडू नका. पातळ पीठ चकतीवरून ओघळून जातं आणि ट्रेवर उकडलेली चकती तेवढी उरते. तो तळूनच खावा.

दुसऱ्या प्रकारात घट्ट पिठात बारीक फोडी मिसळून त्याचे ढीग घालतात आणि पीठ बेकिंग पावडरने फुलवतात. तिसरा अमेरिकेतल्या डोनटच्या दुकानांत मिळणारा, यीस्टच्या पिठाचा मोठा, वेडावाकडा फ्रिटर. हे दोन्ही उत्तम भाजले जातात. दुसरा तासाभरात होतो, म्हणून मुख्य कृती त्याची देते. तिसऱ्याला वेळ लागतो, पण चवीला तो वरचढ आहे. त्याकडे नंतर येऊ.

सफरचंद कोणतं घ्यावं

घट्ट आणि आंबट. ग्रॅनी स्मिथ मिळालं तर प्रश्नच मिटला. पिंक लेडी, ब्रेबर्न, हनीक्रिस्प हेही शिजल्यावर आकार धरून राहतात. मॅकिंटॉश लवकर विरघळतं. त्याचा गर सॉससाठी छान, फ्रिटरसाठी नाही. रेड डिलिशस दिसायला देखणं, पण शिजल्यावर चव फिकी आणि पोत रवाळ. गोड सफरचंदच हाताशी असेल तर लिंबाचा रस दुप्पट करा. आंबटपणाचा उपयोग चवीपुरता नाही. आम्लामुळे फळातलं पेक्टिन (फळाचा गर बांधून ठेवणारा पदार्थ) सावकाश सुटतं, म्हणून फोडी लगदा न होता टिकतात आणि चिरल्यावर काळ्याही पडत नाहीत.

एका आंबट जातीबरोबर एक गोड जात निम्मी-निम्मी घेतली तर चव अधिक खोल येते. फार पिकलेलं, दाबल्यावर बोट रुतणारं सफरचंद इथे वापरू नका.

साहित्य (साधारण १० फ्रिटर्स)

शक्य असेल तर वजन करूनच घ्या. मैदा वाटीने मोजला की दाबून भरला की मोकळा यावर बराच फरक पडतो आणि या कृतीत घट्टपणालाच सगळं महत्त्व आहे. छोटा चमचा म्हणजे ५ मिलि, मोठा म्हणजे १५ मिलि.

सफरचंदासाठी:
- सोलून, गाभा काढून चिरलेल्या फोडी ३०० ग्रॅम (मध्यम आकाराची २ ते ३ सफरचंदं)
- लोणी १५ ग्रॅम
- ब्राऊन शुगर २५ ग्रॅम
- लिंबाचा रस २ छोटे चमचे
- दालचिनी पूड १ छोटा चमचा
- चिमूटभर मीठ

पिठासाठी:
- मैदा २०० ग्रॅम
- साखर ४० ग्रॅम
- बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
- बेकिंग सोडा पाव छोटा चमचा
- मीठ अर्धा छोटा चमचा
- जायफळ पाव छोटा चमचा, ताजं किसून
- थंडगार लोणी ६० ग्रॅम
- घट्ट, साधं दही १०० ग्रॅम
- अंडं १
- दूध १ ते २ मोठे चमचे, लागलं तरच

वरून लावायला २० ग्रॅम लोणी वितळवून.

ग्लेझसाठी (वरून लावायचा साखरेचा पातळ थर) १२० ग्रॅम आयसिंग शुगर, २५ ते ३० मिलि दूध, थोडं व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ.

पिठात साखर कमी वाटेल, ती मुद्दाम कमी आहे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे पीठ उशिरा सेट होतं आणि जास्त पसरतं. गोडी ग्लेझमधून मिळतेच. सोडा दह्याचा आंबटपणा मारतो आणि पीठ कमी आम्लधर्मी झाल्यामुळे रंगही चांगला धरतं. म्हणून तो वगळू नका, पण ‘जास्त फुगेल’ म्हणून वाढवूही नका. जास्त सोड्याची साबणासारखी चव लगेच जिभेवर येते.

आता थोडा हिशोब. लोणी एकूण ९५ ग्रॅम आहे, म्हणजे एका फ्रिटरमागे साडेनऊ ग्रॅम. शिवाय वर साखरेचं ग्लेझ. भाजल्यामुळे हा पथ्याचा पदार्थ होत नाही. फायदा वेगळा आहे: उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न नाही, घरभर तळणीचा वास नाही, घाण्यामागून घाणा काढत उभं राहणं नाही, आणि दहाच्या दहा फ्रिटर्स एकाच वेळी गरम मिळतात.

पायरी १: सफरचंदातलं पाणी कमी करा

फोडी साधारण एक सेंटिमीटरच्या चिरा. याहून मोठ्या फोडींभोवती पीठ कच्चं राहतं आणि फ्रिटर तिथेच तुटतो. फार बारीक चिरल्या तर शिजून जॅम होतो. सगळ्या सारख्याच हव्यात असा हट्ट नको. थोड्या लहान-मोठ्या असल्या तर खाताना गंमत येते. चिरल्या चिरल्या लिंबाचा रस चोळून ठेवा.

पसरट पॅन मध्यम-मोठ्या आचेवर चांगला तापवा. खोलगट पातेलं नको, कारण त्यात फोडी एकावर एक पडून स्वतःच्याच वाफेवर उकडतात. लोणी घाला, ते फेसाळलं की फोडी पसरून टाका आणि पहिलं दीड मिनिट हलवूच नका. एका बाजूला जरा रंग येऊ द्या. मग ब्राऊन शुगर आणि मीठ घाला.

साखर पडताच फोडींना पाणी सुटेल आणि पॅनमध्ये रस दिसू लागेल. इथे घाईने आच बंद करायचा मोह होतो, कारण फोडी शिजल्यासारख्या दिसतात. थांबा. रस आटून चमकदार पाकासारखा फोडींना चिकटेपर्यंत, आणखी ४ ते ६ मिनिटं, अधूनमधून हलवत परता. झाऱ्याने एक रेघ ओढली तर पॅनचा तळ दिसला पाहिजे आणि त्या रेघेत रस परत वाहत यायला नको. फोड बाहेरून मऊ आणि मध्यभागी किंचित कचकचीत असावी. पूर्ण शिजवू नका, पुढे ओव्हनमध्येही ती शिजणारच आहे. दालचिनी सगळ्यात शेवटी घाला. सुरुवातीपासून तापत राहिली तर ती कडवट होते.

खात्री करायची असेल तर वजन करा. ३०० ग्रॅम फोडींत लोणी आणि साखर घालून आपण सुरुवात केली, परतून झाल्यावर सगळं मिळून २२० ते २४० ग्रॅम भरलं पाहिजे. २७० च्या वर असेल तर आणखी दोन मिनिटं आटवा. पहिल्यांदा करताना हा आकडा फार कामाला येतो. नंतर डोळ्यांनाच कळतं.

फोडी ताटात पातळ पसरा आणि पूर्ण गार करा. कोमट असल्या तरी चालणार नाही, त्या पिठातलं थंड लोणी वितळवतील आणि पुढची सगळी मेहनत वाया जाईल. घाई असेल तर ताट फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवा.

साली आणि गाभा टाकू नका. बिया काढून टाका, साली आणि गाभा एका पेलाभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, गाळा, आणि गाळलेलं पाणी दोन-तीन चमचे उरेपर्यंत आटवा. गुलाबीसर, दाट, सफरचंदाचा अर्क म्हणावा असं काहीतरी मिळतं. ग्लेझमध्ये दुधाऐवजी हे घातलं तर साध्या साखरेच्या ग्लेझला फळाची चव येते. ऐच्छिक आहे, पण मी हे चुकवत नाही.

पायरी २: ओव्हन आणि ट्रे

ओव्हन २२० अंशांवर तापवायला ठेवा, पंख्याचा मोड असेल तर २००. वरचं आणि खालचं दोन्ही कॉईल चालू हवेत. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नका, त्यानंतर आणखी दहा मिनिटं जाऊ द्या. घरगुती ओव्हन सांगतो एक आणि तापतो भलताच असं सर्रास होतं. साधा ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवला की अंदाज बांधावे लागत नाहीत. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर कन्व्हेक्शन मोडच हवा. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींवर कवच धरतच नाही.

ट्रे जाड, शक्यतो गडद रंगाचा घ्या आणि त्यावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर घाला. मेणाचा कागद चालत नाही, तो धुरतो. पार्चमेंट किती अंशांपर्यंत चालतो ते पाकिटावर छापलेलं असतं, ते एकदा वाचा. सिलिकॉनची चटई इथे टाळलेलीच बरी. ती उष्णता अडवते आणि बूड फिकट राहतं.

पायरी ३: पीठ

मैदा, साखर, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि जायफळ मोठ्या भांड्यात एकत्र करा. थंडगार लोणी मोठ्या भोकांच्या किसणीवर किसून त्यात घाला आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. तळहात वापरू नका, ते गरम असतात. रव्यासारखं मिश्रण झालं आणि त्यात मुगाएवढे लोण्याचे कण इकडेतिकडे राहिले की थांबा. ओव्हनमध्ये हेच कण वितळून वाफ सोडतात आणि आत हलके पापुद्रे तयार होतात.

आता गार झालेल्या फोडींपैकी दोन मोठे चमचे बाजूला ठेवून बाकीच्या या कोरड्या मिश्रणात घाला आणि हलवून प्रत्येक फोडीला मैदा लागू द्या. फोडी ओल्या पिठात नंतर घालण्यापेक्षा हे बरं. मैद्याचं आवरण सुटणारा रस टिपून घेतं आणि फोडी खाली बसत नाहीत.

दही आणि अंडं वेगळं फेटून एकदम ओता. लाकडी चमच्याने किंवा स्पॅच्युलाने खालून वर उलटत मिसळा. दहा-पंधरा वेळा उलटलं की पुरे. भांड्याच्या तळाशी थोडा कोरडा मैदा दिसत असेल तर एखादा चमचा दूध घाला. पीठ चमच्यातून आपोआप पडता कामा नये, झटका दिल्यावर गोळा होऊन पडलं पाहिजे. ते गुळगुळीत करण्याच्या मागे लागलात तर मैद्यातलं चिवट प्रथिन, ग्लुटेन, ताणलं जाईल आणि फ्रिटर चिवट होईल. गुठळ्या असू द्या.

अंडं नको असेल तर त्याऐवजी ४० ग्रॅम दही आणि १ छोटा चमचा तेल घाला. फ्रिटर थोडा ठिसूळ होतो, रंग कमी येतो, पण वरून लोणी नीट लावलं तर फारसं जाणवत नाही.

पायरी ४: आकार

दोन चमच्यांच्या मदतीने ट्रेवर ७० ग्रॅमचे ढीग घाला, मध्ये पाच सेंटिमीटर अंतर ठेवून. उंची तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मध्यभाग शिजायच्या आत कडा करपतील. गोल, नीटनेटका आकार देऊ नका. काट्याने वरून ओढून टोकं, खळगे, चिरा पाडा. टोकं आधी तपकिरी होऊन कुरकुरीत होतात आणि खळग्यांत ग्लेझ साचतं. तळलेल्या फ्रिटरचा जो खडबडीतपणा आपल्याला आवडतो तो इथे हातानेच आणावा लागतो. बाजूला ठेवलेल्या फोडी आता वर दाबून बसवा.

आख्खा ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. जागा नसेल तर फ्रीजमध्ये अर्धा तास. लोणी पुन्हा घट्ट होतं, मैदा ओलावा शोषून घेतो आणि ओव्हनमध्ये ढीग पसरायच्या आत धरतो. ही पायरी गाळली तर फ्रिटर्स खाता येतील, पण चपटे होतील.

पायरी ५: भाजणं

फ्रीजरमधून काढल्यावर वरून वितळलेलं लोणी ब्रशने हलकं लावा, साधारण निम्मं वापरून. लोण्याऐवजी तूप किंवा वास नसलेलं तेल वापरलं तर कवच आणखी कुरकुरीत होतं, कारण लोण्यात थोडं पाणी असतं आणि तुपात जवळजवळ नसतं. चव मात्र लोण्याचीच सरस.

ट्रे मधल्या कप्प्याच्या जरा खाली ठेवा. २२० अंशांवर पहिली ८ मिनिटं दार उघडू नका. या वेळातच पीठ फुलून धरतं. मग तापमान १९० वर आणा, ट्रे फिरवा, उरलेलं लोणी पटकन लावा आणि आणखी ८ ते १० मिनिटं भाजा. आधी जास्त तापमान कवचासाठी, नंतर कमी तापमान आतल्या ओलाव्यासाठी. एकाच तापमानावर सगळं उरकायचं म्हटलं तर दोहोंपैकी एक बाजू लंगडी पडते.

झाले की नाही हे रंगावरून ओळखा, पण रंग गडद हवा. फिक्कट सोनेरी रंगावर बाहेर काढू नका. टोकं गडद तपकिरी, उंचवटे तांबूस आणि उलटून पाहिल्यावर बूड एकसारखं तपकिरी असलं पाहिजे. टूथपिक इथे फसवते, कारण ती फोडीत घुसली तर ओलीच येणार. थर्मामीटर असेल तर पिठाच्या मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास दिसायला हवं.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटांनी फ्रिटर्स जाळीवर काढा. ट्रेवरच राहिले तर खालची वाफ बुडाला मऊ करते.

पायरी ६: ग्लेझ

आयसिंग शुगर चाळा, त्यात मीठ, व्हॅनिला आणि दूध (किंवा सालींचा अर्क) थोडं थोडं घालत फेटा. चमच्यावरून जाड धार पडावी आणि धारेची खूण दोन-तीन सेकंद टिकावी.

वेळ महत्त्वाची आहे. फ्रिटर कढत असताना ग्लेझ घातलं तर ते पाणी होऊन ओघळतं. पूर्ण गार झाल्यावर घातलं तर जाड, पांढरं आणि चिकट बसतं. पाच ते सात मिनिटांनी, हाताला गरम लागतोय पण धरवतोय अशा वेळी वरची बाजू ग्लेझमध्ये बुडवा आणि जाळीवर ठेवा. पातळ, अर्धपारदर्शक, दाताखाली तडकणारा थर बसतो. दाट थर आवडत असेल तर दहा मिनिटांनी चमच्याने दुसरा हात द्या. ग्लेझच नको असेल तर लोणी लावून दालचिनी-साखरेत घोळवा. मुलांना हेच जास्त आवडतं असं दिसतं.

वेळ असेल तर: यीस्टचा फ्रिटर

३०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४ ग्रॅम मीठ, १५० मिलि कोमट दूध (३८ ते ४० अंश) आणि एक अंडं एकत्र करून मळा. पाच मिनिटांनी ४५ ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालत आणखी आठ-दहा मिनिटं मळा. पीठ मऊ, जरासं चिकट राहील. मैदा वाढवू नका. दालचिनी पिठात घालायची नाही, तिच्यातल्या तेलामुळे यीस्ट मंदावतं. ती फोडींतच राहू द्या.

पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, उबदार जागी तास-दीड तास. मग ओट्यावर एक सेंटिमीटर जाडीचा आयत लाटा, वर गार केलेल्या फोडी (वरच्याच कृतीतल्या, तेवढ्याच) आणि एक मोठा चमचा मैदा भुरभुरवा, आयताची घडी घाला. आता धारदार सुरीने आधी उभे आणि मग आडवे काप द्या, दीड-दीड सेंटिमीटरवर. ओट्यावर पिठाच्या तुकड्यांचा आणि फोडींचा पसारा होईल, काही फोडी निसटतील. हेच अपेक्षित आहे. दोन्ही हातांनी तुकडे गोळा करून दहा ढीग करा, कडा जरा दाबा म्हणजे सुटणार नाहीत, आणि पार्चमेंटवर ३० ते ४० मिनिटं फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू भरून यायला लागला की लोणी लावून २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. ग्लेझ तसंच.

या प्रकारात भाजणं आणि तळणं यांतलं अंतर सर्वांत कमी राहतं, असं माझं मत. यीस्टच्या पिठाला आपली चव असते, तेलाची उसनी घ्यावी लागत नाही.

एअर फ्रायरमध्ये

एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हनच. पंखा पृष्ठभाग लवकर सुकवतो, त्यामुळे कवच छान येतं. भोकं पाडलेला पार्चमेंट घालून त्यावर ढीग ठेवा. थेट जाळीवर ठेवले तर पीठ भोकांत उतरतं आणि निघता निघत नाही. मोकळा कागद आत ठेवून यंत्र आधी तापवू नका, तो उडून कॉईलला चिकटू शकतो. ढीग ५० ग्रॅमचे करा, १७५ अंशांवर ९ ते ११ मिनिटं, शेवटच्या तीन मिनिटांत उलटून. एका वेळी चार-पाचच मावतात.

बिघडलं तर कुठे पाहायचं

पसरून चपटे झाले तर पीठ सैल होतं, फोडी कोमट होत्या किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता, आणि अनेकदा हे तिन्ही एकत्र असतात. पुढच्या वेळी मैदा वाढवण्याआधी फोडींचं वजन तपासा. मैदा वाढवून ओलावा झाकला तर फ्रिटर कोरडा आणि ओला एकाच वेळी होतो: पीठ कोरडं, फोडीभोवती चिकट.

आत गिच्च आणि बाहेर काळे झाले तर ढीग मोठे होते. आकार ६० ग्रॅमवर आणा. सगळेच फिकट राहिले तर ट्रे खालच्या कप्प्यात फार खाली असेल किंवा वरचं कॉईल बंद असेल. शेवटची दोन मिनिटं ट्रे वर सरकवा, पण समोरून हलू नका, साखर झटकन करपते. चिवट झाले तर पीठ जास्त ढवळलं गेलं.

ठेवणं आणि पुन्हा गरम करणं

भाजलेले फ्रिटर्स पहिल्या काही तासांतच सर्वांत चांगले लागतात. संध्याकाळपर्यंत ठेवायचे असतील तर जाळीवर, वर नुसता कागद टाकून ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात ग्लेझ पाणी सोडतं आणि कवच मऊ पडतं.

आधीपासून तयारी करायची असेल तर भाजलेल्यापेक्षा कच्चे ढीग गोठवणं चांगलं. ट्रेवर कडक गोठले की पिशवीत भरा, महिनाभर टिकतात. वितळवायचे नाहीत. फ्रीजरमधून थेट, लोणी लावून, २०० अंशांवर २० ते २२ मिनिटं भाजा. यीस्टच्या पिठाला हे लागू नाही, ते भाजून, ग्लेझ न लावता गोठवा. भाजलेले फ्रिटर्स १८० अंशांवर ६ ते ८ मिनिटं गरम केले की कवच पुन्हा खडखडीत होतं, गोठलेले असतील तर १० ते १२ मिनिटं. ग्लेझ त्यानंतरच लावा.